हस्तिदंती आकडे

तेल अविव
२० ऑक्टोबर १९९८

श्री. जुडाकाका यांस,
सप्रेम नमस्कार.

ओळखलंत का? सुक्कोतच्या सुट्टीत जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तुमच्या हिलमनपुढे उभी राहून जी मुलगी चक्क ओरडली, ती मी, अनुश्री मोहोळकर. काय करू? चारी बाजूंना हिब्रू, आणि तुमच्या नंबरपाटीखाली मुंबईची जुनी पाटी! मी म्हटलं, ही गाडी मुंबईची? तर तुम्ही बॉनेटमागून मान काढून म्हणालात, "पाटी मुंबईची, मालक मुंबईचा, गाडी हैफाची." दोन वर्षं इथल्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचं संशोधन करतेय, पण इतकी कधी हसले नव्हते.

तुम्ही म्हणालात, डॅशबोर्डवरचं काहीही बंद पडलेलं पाठव. तर पाठवतेय. सांगलीला माझ्या बाबांची १९४६ची ऑस्टिन आहे. आईशी बोलण्यापेक्षा जास्त वेळ ते गाडीखाली असतात. तिचं घड्याळ वीस वर्षं बंद आहे आणि आकड्यांचे पोपडे उडालेत. वरुण नावाचा माझा मित्र गेल्या आठवड्यात घरून आला, त्याच्याबरोबर ते गुपचूप मागवून घेतलं. फेब्रुवारीत बाबांची एकसष्टी आहे. घड्याळ टिकटिकताना दिसलं तर ते रडतील, मला खात्री आहे.

एव्हलिनकाकूंनी डब्यातून दिलेल्या करंज्या बसमध्येच संपल्या, हेही सांगून टाकते.

तुमची,
अनुश्री


डिमोना
४ नोव्हेंबर १९९८

चि. अनुश्रीस,
शालोम आणि आशीर्वाद.

घड्याळ पोचलं, उघडलं, धुतलं, तेल घातलं. आठ दिवस माझ्या टेबलावर चालतंय, मिनिटाचा फरक नाही. याच पार्सलात परत पाठवत आहे. तुझ्या बाबांना म्हणावं, रडायचं असेल तर रुमालाची सोय त्यांनी स्वतः करावी.

आकडे मात्र नीट बघ. एवढे सुबक आकडे या देशात दुसऱ्या कोणाकडे मिळाले तर मी हिलमन विकीन. त्यामागे गंमत आहे. मुंबईला मी गावदेवीत मेहेरवानजींच्या मीटर-रिपेरच्या दुकानात होतो. १९६३ साली आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा त्यांनी मला रंगाच्या सहा बाटल्या दिल्या. लढाईच्या काळातला माल, विमानांच्या काट्यांना लावायचा. तेव्हा तो अंधारात हिरवा चमकायचा म्हणे. आता मेलाय, काजव्याएवढाही उजेड देत नाही. पण रंग काय आहे! अस्सल हस्तिदंती. आजकालचा रंग भिंतीला चुना फासल्यासारखा दिसतो आणि प्रदर्शनातले परीक्षक काचेला नाक लावून लगेच ओळखतात. म्हणून उत्तरेच्या मेतुलापासून दक्षिणेच्या एलातपर्यंतचे लोक आपले डायल माझ्याकडे पाठवतात. सात वर्षांत त्रेचाळीस झाले. "डिमोनाचा होदी", म्हणजे हिंदुस्थानी, म्हटलं की गाडीवाल्यांत कोणीही माझा पत्ता सांगेल.

रीत मेहेरवानजींचीच. जुना रंग सुईने खरवडायचा, भुकटी फुंकून टाकायची, मग चार केसांचा ब्रश. प्रत्येक आकड्याआधी ब्रश ओठांत धरून टोक काढायचं. पाणी नाही, कापड नाही. ओठांसारखं टोक कशाने निघत नाही. मी असाच रंगवतो.

एव्हलिन तुला सलाम सांगते. इथल्या लग्नांत मेंदी काढायला तीच जाते, पण गेल्या आठवड्यात दोन नवऱ्यामुलींना नाही म्हणाली. तिची दाढ काढून महिना झाला, जागा भरत नाही. डॉक्टर दर खेपेला नवं औषध देतो. सध्या पेज खाते आणि उरलेल्या वेळात माझं डोकं.

तुझा,
जुडा वाकरुळकर


तेल अविव
१३ नोव्हेंबर १९९८

ती. जुडाकाका,
सा. न.

हे फोनवर सांगायला मी दोनदा रिसीव्हर उचलला आणि ठेवला. माझा आवाज कापला असता आणि तुम्ही नको तेवढे घाबरला असतात. म्हणून लिहितेय. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

घड्याळ मी आमच्या प्रयोगशाळेत आदेशला दाखवायला नेलं. आदेश माझ्याबरोबर काम करतो. आमच्याकडे किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं असतात. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि यंत्र किंचाळायला लागलं. आम्हाला वाटलं बिघडलं. घड्याळ बाहेर नेलं, यंत्र गप्प. आत आणलं, पुन्हा तेच. मग एकेक आकडा तपासला. कडेला उरलेल्या जुन्या पोपड्यांत काही नाही. जे आहे ते तुमच्या नव्या रंगात आहे.

काका, त्या रंगात रेडियम आहे. चमक गेली म्हणून रंग मेला असं तुम्हाला वाटलं, कोणालाही वाटेल. पण चमकणारी पूड वेगळी असते, ती वीसतीस वर्षांत थकते. तिला चमकवणारं रेडियम थकत नाही. ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. बाटलीत ते १९६३ साली जेवढं होतं तेवढंच आज आहे.

काचेमागचं घड्याळ बाळगणाऱ्याला फारसा धोका नाही. धोका आहे तो खरवडणाऱ्याला, आणि सगळ्यात जास्त ब्रश ओठांत धरणाऱ्याला. पोटात गेलेलं रेडियम शरीर चुना समजून हाडांत साठवतं आणि ते तिथेच राहतं. ऐंशी वर्षांपूर्वी परदेशातल्या घड्याळांच्या कारखान्यांत बायका असाच ब्रश ओठांत धरून काम करायच्या. त्यांचं पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

आजपासून एकही डायल करू नका. बाटल्या उघडू नका, फेकू नका, ओतून तर अजिबात देऊ नका. पत्र मिळताच मला फोन करा.

तुमची,
अनुश्री


डिमोना
२२ नोव्हेंबर १९९८

चि. अनुश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोन केला नाही आणि तूही करू नकोस. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि एव्हलिनचे कान माझ्या मीटरांपेक्षा बारीक आहेत. तिला उगाच घोर नको.

बाई, तू शिकलेली आहेस, मी मॅट्रिकसुद्धा नाही. पण मेहेरवानजी ऐंशी वर्षं जगले. मी सहासष्ट वर्षांचा आहे, हिलमनला धक्का मारून चालू करतो. रंगात एवढं विष असतं तर मी हे पत्र लिहिलं असतं का? तुमची यंत्रं केळ्यालाही ओरडतात असं कुठेतरी वाचलं होतं.

बाटल्या मात्र बंद केल्या. पत्र्याच्या पेटीत घालून पेटी ग्यारेजच्या मागच्या फळीवर ठेवली, किल्ली माझ्या खिशात आहे. ब्रशही लपवला. तुझं मन राखायला केलं म्हण.

एक विचारतो. सहज. त्या बायकांचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. समजा एखाद्याची दाढ काढली आणि जागा दोन महिने भरली नाही, आत हाड दिसायला लागलं, तर त्याचा या रंगाशी संबंध असतो का? नसणारच. दातांचा डॉक्टर म्हणतो, वय झालं की असं होतं.

लवकर लिही.

जुडा


तेल अविव
२७ नोव्हेंबर १९९८

ती. जुडाकाका,

संबंध असतो. खोटं सांगू शकत नाही. त्या बायकांचं दुखणं बहुतेक वेळा दातापासूनच सुरू झालं. दात काढला, जागा भरली नाही, मग जबड्याचं हाड चुऱ्यासारखं सुटू लागलं.

दाढ कोणाची आहे? पहिल्या पत्रात तुम्ही काकूंच्या दाढेबद्दल लिहिलं होतंत. आता 'एखाद्याची' असं लिहिलंय. दोघांचंही दुखतंय का? काकूंनी कधी तो ब्रश हातात धरला होता का? एकदा जरी धरला असेल तरी मला सांगा, रागावणार नाही. माझी खात्री आहे की तुमचंच दुखतंय आणि तुम्ही काकूंच्या नावावर खपवताय. पुरुषमाणसं असंच करतात, बाबा छातीत दुखलं की आईला अ‍ॅसिडिटीची गोळी आणायला सांगतात.

आमच्या विभागात माणसाच्या अंगातलं रेडियम मोजायची सोय आहे. चाळीस मिनिटं पडून राहायचं आणि एका पिशवीत श्वास सोडायचा. सुई नाही, दुखत नाही. मी सगळ्यांशी बोलून ठेवलंय. काका, मला रोज तुमचे ते आकडे डोळ्यांसमोर दिसतात. एकेका आकड्याला एकदा ब्रश ओठांत. त्रेचाळीस डायल. मी हिशेब करायला बसते आणि मध्येच सोडून देते. या हो, लवकर या.

अनुश्री


डिमोना
१० डिसेंबर १९९८

चि. अनुश्रीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस.

एव्हलिनने ब्रश धरलेला नाही. तिला डायलमधलं काय कळतं? ती मेंदी काढते. दाढ तिचीच आहे, पण ती वयाने. मी आपलं सहज विचारलं.

मी तपासायला येतो. जानेवारीच्या चार तारखेला, सोमवारी. त्याआधी हनुक्काचा सण आहे, मुलगा शाय सुट्टीवर येतो, त्याच्यासमोर गडबड नको. माझी तपासणी झाली की तुझी भीती जाईल आणि माझीही. हो, मला भीती वाटते. तू लिहिलेलं वाचल्यापासून जेवताना मी समोर बघत नाही.

गेल्या आठवड्यात एलियाहू हन्नाबीचा, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचा, मलिदा केला. नवस बोललो होतो. कशासाठी ते एव्हलिनला सांगितलं नाही. तिला वाटलं, हिलमन टेस्टमध्ये पास झाली म्हणून. पोहे तिनेच भिजवले, नारळ तिनेच खवला, वर म्हणाली, गाडीसाठी मलिदा करतोस, माझ्या दाढेसाठी कधी केला नाहीस. सगळे हसले. मीही हसलो.

प्रसाद तिला चावता आला नाही. गूळखोबरं तेवढं चोखलं.

जुडा


तेल अविव
१० जानेवारी १९९९

माझे लाडके जुडाकाका,

तुम्ही स्वच्छ आहात! हाडांत नाही, श्वासात नाही, कुठेही नाही! आकडे हातात आले तेव्हा मी प्रयोगशाळेत उडी मारली आणि आदेशच्या पायावर पडले, तो अजून लंगडतोय.

खरं सांगते, आम्हाला विश्वास बसेना. सात वर्षं ब्रश ओठांत धरणाऱ्याच्या अंगात कणभर तरी सापडायलाच हवं. आदेशने यंत्र दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा शेजारच्या विभागाच्या यंत्राशी ताडून पाहिलं. तेच उत्तर. खरवडताना तुम्ही खिडकी उघडी ठेवता आणि तोंडाला फडकं बांधता असं म्हणालात, त्याने भुकटी टळली असेल. पण ब्रशचं काय, हे कोडं सुटत नाही. नाही सुटलं तर नाही सुटलं. तुमचा एलियाहू हन्नाबी पावला म्हणा.

त्या दिवशी जाताना तुम्ही काचेच्या दारात उभे राहून तीनदा विचारलंत, "हे यंत्र चुकत नाही ना?" नाही काका, चुकत नाही. आता निवांत झोपा. काकूंना माझा नमस्कार, आणि त्यांची दाढ भरली की करंज्या पाठवा.

तुमची,
अनुश्री


डिमोना
१४ जानेवारी १९९९

अनुश्री,

यंत्र चुकत नाही. मी स्वच्छ आहे, कारण मी तो ब्रश आयुष्यात ओठांत धरलेला नाही.

मेहेरवानजी मला ब्रशला हात लावू देत नसत. माझा हात जड आहे. मी काटे, चाकं, स्प्रिंगा बघायचो. रंगवताना त्यांना फक्त पाहिलं. इथे पहिला डायल मी रंगवला तेव्हा पाचाचा आकडा वळवळणाऱ्या गांडुळासारखा झाला. एव्हलिन मागे उभी होती. म्हणाली, बाजूला सर, मला दे. मेंदी काढणारा हात तो. मी तिला रीत शिकवली. ओठांत धरायला मीच शिकवलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस डायल तिच्या हातचे आहेत.

मग लोक यायला लागले, म्हणायला लागले, जुडा, काय हात आहे तुझा. पहिल्यांदा मी गप्प राहिलो. दुसऱ्यांदा मान हलवली. नंतर मलाच ते खरं वाटायला लागलं. तिनेही कधी तोंड उघडलं नाही. तुला पहिल्याच पत्रात मी शान मारली. पुढे तू सरळ विचारलंस, आणि मी 'नाही' असं लिहिलं. 'हो' लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. मला वाटलं, खरवडलेली धूळ खाल्लेला मी सुटलो, तर ती पण सुटेल. मूर्खासारखं वाटलं.

दाढेच्या जागेतून परवा हाडाचा तुकडा आला. तांदळाच्या दाण्याएवढा. तिने तो बशीत ठेवून मला दाखवला.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. मला इतकी भीती वाटते की घरात असताना मी ग्यारेजमध्ये असतो आणि ग्यारेजमध्ये असताना घरात. आता काय करू ते तूच सांग.

जुडा


तेल अविव
१७ जानेवारी १९९९

काका,

हे पत्र एक्स्प्रेसने पाठवतेय. आजच सांगा. आणि मंगळवारी, एकोणीस तारखेला सकाळी दहा वाजता काकूंना घेऊन या. मी दारात उभी असेन.

अनुश्री


डिमोना
३ फेब्रुवारी १९९९

प्रिय अनुश्री,
एव्हलिनकाकूचे अनेक आशीर्वाद.

या वेळी पत्र मी लिहिते. जुडाला म्हटलं, तुझी पत्रं खूप झाली. तुझी सगळी पत्रं मी वाचली. हिलमनच्या डिकीत, जॅकच्या पिशवीत ठेवली होती. हा माणूस लपवतोसुद्धा गाडीतच.

त्या मंगळवारी त्याने मला डिमोनाहून काही न सांगता गाडीत बसवलं. अर्ध्या वाटेत गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सगळं सांगितलं. तुझ्या यंत्राखाली पडले होते तेव्हा तू काचेमागे होतीस. तुझा चेहरा दिसत होता. नंतर तू पाणी, चहा, काय काय विचारत राहिलीस, पण ते माझ्या अंगात आहे हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. नोव्हेंबरात त्याने ब्रश लपवला आणि मला म्हणाला, हरवला. मी बाजारातून नवा आणला. पेटीला कुलूप लावलं, पण सहावी बाटली माझ्या शिवणाच्या डब्यात होती, त्याला वाटलं, ती कधीच संपली. हैफाच्या अमनोनच्या जीपचे दोन डायल राहिले होते. म्हटलं, जुडा दिवसेंदिवस गप्प बसतो, कामाचं टेन्शन असेल, आपण करून ठेवू, त्याला बरं वाटेल. हनुक्काच्या आठवड्यात, तो ग्यारेजमध्ये असताना, स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन्ही केले. दाढेत ठणका होता, तरी केले. ओठांत धरूनच केले. तुझं रेडियमचं पत्र तेव्हा महिनाभर घरात होतं.

हे मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं. तो तेव्हापासून माझ्यासमोर बसून जेवतो, पण ताटातला भात नुसता चिवडतो. मी रागावले आहे. खूप रागावले आहे. पण पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्याला असा घाबरलेला पाहिला नाही, आणि माझ्या रागाला बळ येत नाही.

मलाही भीती वाटते, बाई. रडू येत नाही, नुसती भीती वाटते. भांडी घासताना वाटते, वेणी घालताना वाटते. आरशासमोर तोंड उघडून बघायचं मी बंद केलं आहे.

सोमवारी, आठ तारखेला, जबडा उघडणार आहेत. खराब हाड काढतील. बाकीच्या हाडांचं पुढे बघू म्हणाले. तू सांगितल्याप्रमाणे सरकारची माणसं येऊन बाटल्या घेऊन गेली, सहाच्या सहा. ज्यांचे ज्यांचे डायल आहेत त्या सगळ्यांना जुडाने पत्रं लिहिली, की काच उघडू नका. तुझ्या बाबांनाही तू सांग. घड्याळ त्यांना अवश्य दे. फक्त उघडू नका म्हणावं.

काल इस्पितळात नाव नोंदवायला गेलो. खिडकीतल्या बाईने फॉर्म दिला. या देशात आल्यापासून मी असे शंभर फॉर्म भरले असतील. धंदा विचारतात तिथे मी नेहमी 'घरकाम' लिहिते, हातच तसा जातो. 'घर' लिहून झालं आणि जुडाने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. ते खोडलं आणि वर लिहिलं, मोटारींचे डायल रंगवणारी. पुढे किती वर्षं, तिथे सात. त्याखाली मालकाचं नाव मागितलं होतं. तिथे तो बराच वेळ थांबला, आमच्यामागे रांग लागली, बाई दोनदा खाकरली. मग त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन मला परत दिलं. मी खाली सही केली.

तुझी,
एव्हलिन